सत्तर गुणिले सातच्या आधीची वचनं

प्रश्न : नवरा जहाजावर असतो, वर्षातले आठ-नऊ महिने घरी नसतो. सासूबाई शेजारणींसमोर माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात, पैशांवरून टोमणे मारतात. सगळे म्हणतात, सत्तर गुणिले सात वेळा क्षमा कर. किती सोसू?
– एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : ते वचन बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायातलं, बाविसावं. त्याच अध्यायातली १५ ते १७ ही वचनं मात्र बहुतेक वेळा वाचायची राहून जातात. तिथे येशू पायऱ्या सांगतो : ज्याने दुखावलं त्याच्याशी आधी दोघांतच बोला, ऐकलं नाही तर एक-दोन माणसं सोबत न्या, तरीही नाही तर मंडळीला, म्हणजे ख्रिस्ती समुदायाला सांगा. क्षमा करायची म्हणजे तोंड शिवून बसायचं, असं त्यात कुठेच नाही.

बोलायची वेळ निवडा. चुलीवर तवा असताना नको. दुपारची भांडी आवरली, पडवीत दोघीच आहात, तेव्हा बोला. गोष्ट एकच काढा आणि ताजी काढा : ‘काल शेजारच्या काकींसमोर माशाच्या तिखल्यात तिरफळं कमी पडली म्हणालात, मला लागलं. चुकलं तर आत स्वयंपाकघरात सांगा, मी शिकेन.’ ‘तुम्ही नेहमीच’ असं एकदा तोंडून गेलं की बांगड्याचं तिखलं बाजूला राहतं आणि लग्नापासूनचा हिशेब निघतो.

पैशांचं तुमच्या नवऱ्याने बोलायला हवं, तुम्ही नव्हे. फोनवर दोघींना एकत्र घेऊन त्याने सांगावं : दरमहा एवढे येणार, त्यातले एवढे घरखर्चाला, एवढे आईला. आईचा वाटा थेट तिच्याच खात्यात जाऊ दे. लेकाची कमाई सुनेकडे मागायची वेळ आली की म्हाताऱ्या बाईला कमीपणा वाटतो, आणि टोमण्यांचं मूळ पुष्कळदा तिथेच असतं.

बायबलमधले याकोब आणि लाबान आठवा, जावई आणि सासरा. लाबानाने धाकटी लेक राहेल हिच्यासाठी सात वर्षं राबवून घेतलं आणि थोरली लेआ गळ्यात घातली. वेतन दहा वेळा बदललं, असं याकोब म्हणतो. शेवटी उत्पत्ती या पुस्तकाच्या ३१व्या अध्यायात दोघे दगडांची रास रचतात, वाईट हेतूने ही ओलांडायची नाही असा करार करतात आणि त्या राशीपाशी जेवतात. सकाळी लाबान लेकींचे, नातवंडांचे मुके घेऊन घरी परततो. दोघांत माया दाटून आली, असं तिथे लिहिलेलं नाही. आपल्याकडे दोन परड्यांमध्ये गडगा, म्हणजे दगडी कुंपण घालतात, तसंच हे. म्हणून वेगळी चूल म्हणजे घर फोडणं, हे आम्हाला पटत नाही. फक्त विजेचं बिल कोण भरणार, सासूबाईंना डॉक्टरकडे कोण नेणार, रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतरचं जेवण कोणाकडे, हे आधी ठरवा. हे न ठरवता चूल मांडली तर भांडण नुसतं खोली बदलतं.

प्रश्न : सून हिंदू घरातली आहे, रोझरीला (जपमाळेच्या प्रार्थनेला) बसत नाही. काय करावं?
– एक सासूबाई, मालवण

उत्तर : बोलवा, हजेरी घेऊ नका. बायबलमधली सासू नामी आपल्या विधवा सुनांना माहेरी परत जा म्हणून पुन्हा पुन्हा सांगते. ‘तुमचा देव तो माझा देव’ हे तिची सून रूथ म्हणते ते त्यानंतर, जायची वाट पूर्ण मोकळी असताना.

प्रश्न : नवरा आणि दीर दोघेही हात उचलतात. माहेरचे म्हणतात, हाच तुझा क्रूस.
– नाव दिलेलं नाही

उत्तर : नाही, हा तुमचा क्रूस नाही. महायाजकाच्या वाड्यात शिपायाने चपराक मारली तेव्हा येशूने ‘मला का मारतोस?’ असं तोंडावर विचारलं (योहान १८:२३). त्याच्याच गावचे नासरेथकर कड्यावरून लोटायला निघाले, तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला. आणि भाऊ हाबेलाचा खून करणाऱ्या काईनाला देवाने आधीच बजावलं होतं : पाप दाराशी टपून बसलंय, त्यावर ताबा तू मिळव. म्हणजे राग आवरण्याचं काम ज्याला राग येतो त्याचं. तो चिडू नये असं हाबेलाने वागावं, असं देव म्हणत नाही.

कॅथलिक ख्रिस्तसभेच्या कायद्याचं ११५३वं कलम स्पष्ट आहे : जोडीदारापासून तुमच्या किंवा मुलांच्या शरीराला, मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहता येतं, आणि थांबण्यातच धोका असेल तर परवानगीची वाट न पाहता. विवाहबंधन त्याने तुटत नाही, पण वेगळं राहिलात एवढ्यावरून कम्युनियन (मिस्सातला पवित्र भाकरीचा प्रसाद) बंद होत नाही.

जीव धोक्यात असेल तर ११२ लावा. महिला हेल्पलाइन १८१ आहे. सरकारी दवाखान्यात ‘विहिरीवर घसरले’ असं सांगू नका; कोणी, कशाने मारलं ते केसपेपरवर लिहून घ्या, त्याची प्रत ठेवा. आधारकार्ड, पासबुक, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले एका पिशवीत भरून विश्वासातल्या घरी ठेवा, घरच्या कपाटात नको. २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा ख्रिस्ती बाईलाही लागू आहे. तक्रार संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा पोलीस ठाण्यात करता येते, आणि घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी कायदेशीर प्रक्रियेशिवाय तुम्हाला त्यातून काढता येत नाही.

पहिल्या उत्तरातली ‘दोघांतच बोला’ ही पायरी तुमच्यासाठी नाही. फादर मध्यस्थी करणार असतील तर त्यांना आधीच सांगा, आम्हाला वेगवेगळं भेटा. मारणाऱ्यासमोर बाईला खरं बोलवत नाही, आणि बोलली तर त्याचा मार घरी गेल्यावर बसतो.