मुलगी मराठी शाळेतून पाचवीत जाणार. इंग्लिशसाठी अ‍ॅप घ्यावं की चांगला शिक्षक शोधावा?

तुम्ही लिहिलंय की मुलगी गोव्यात डिचोलीजवळच्या मराठी शाळेत चौथीला आहे, पाचवीपासून सगळे विषय इंग्लिशमधून येणार, आणि अ‍ॅपचे पैसे भरायचे की शिकवणी लावायची यावर घरात एकमत नाही. मी याच वाटेने गेलोय, म्हणून लिहितो. आधी शिक्षक शोधा.

मी सत्तरी तालुक्यातला, वाळपईपासून आत आमचं गाव. गोवा मुक्त झाल्यावर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या, तशाच एका शाळेत मी चौथीपर्यंत शिकलो. पाचवीला हायस्कूलात गेलो आणि बाईंच्या जागी टीचर आल्या, बेरजेची 'अ‍ॅडिशन' झाली. माध्यमाचा वाद आपल्याकडे जुनाच आहे. १९९० मध्ये प्राथमिकचं अनुदान मराठी-कोकणीपुरतं ठेवलं, २०११ मध्ये ते इंग्लिश माध्यमालाही दिलं. त्यात शिरत नाही. पण मराठीतून आलेल्या पोराचे पाचवीतले पहिले महिने कसे जातात ते मला माहीत आहे. वर्गात उत्तर येत असायचं, तरी मी मान खाली घालून बसायचो.

आधी घरच्यांनी एका शिकवणीला घातलं होतं. तिथे 'माय स्कूल', 'द काऊ' असे निबंध पाठ करून घ्यायचे. निबंध पाठ झाले, पण स्वतःचं एक वाक्य जमेना.

मग आमच्या इंग्लिशच्या टीचरनी माझी वही वाचली. मी लिहिलं होतं, 'आय डिड नॉट वेन्ट'. त्यांनी खोडलं नाही. विचारलं, "मराठीत काय म्हणणार होतास?" म्हटलं, "मी गेलो नाही." त्या म्हणाल्या, "बरोबर, 'गेलो'त भूतकाळ आहे, म्हणून तू 'वेन्ट' लिहिलंस." मग दोन मुलांना उभं केलं, एकाचं नाव 'डिड', दुसऱ्याचं 'गो'. माझं दप्तर 'डिड'च्या खांद्यावर दिलं. "हे दप्तर म्हणजे भूतकाळ. एकाने उचललं ना? मग दुसऱ्याने कशाला उचलायचं?" 'गो' झालेला मुलगा हात मोकळे सोडून उभा होता. त्यानंतर ती चूक माझ्याकडून झाली नाही.

मराठीत 'ए' आणि 'द' नाहीत, त्यामुळे आपली मुलं तिथे हमखास अडतात. टीचरनी आटपाट नगराची गोष्ट घेतली. "एक राजा होता, हा 'ए'. आता राजा आपल्या ओळखीचा झाला. त्या राजाला दोन राण्या होत्या, हा 'द'." 'द'चे नियम याहून बरेच आहेत, पण दार तिथे उघडलं. उच्चारांसाठी त्या छोटा आरसा आणायच्या. आपला 'व' एकच, इंग्लिशचे दोन. एकात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्यात ओठ गोल होतात. आरशात बघितलं की पोरांना लगेच कळायचं.

अ‍ॅप वाईट नाही. ऐकायला आणि शब्द वाढवायला घरी जरूर वापरा. ते चूक दाखवतं, बरोबर वाक्यही देतं. पण ती चूक मुलीच्या मराठीतल्या कुठल्या वाक्यातून आली, हे तिला शेजारी बसवून विचारणारं माणूस लागतं. आणि मुलगी बोलायचीच थांबली तर? अ‍ॅप बंद पडून राहील. आमच्या टीचरना माझं गप्प बसणं दुसऱ्याच आठवड्यात दिसलं. त्यांनी सगळ्या वर्गाला सांगितलं, "शंका मराठीत, कोकणीत, कशातही विचारा. उत्तराचं इंग्लिश आपण मिळून करू." मी त्या दिवशी पहिल्यांदा हात वर केला.

एवढं करा: हायस्कूलच्या टीचरना आधीच भेटा आणि मुलगी मराठी शाळेतून येतेय हे सांगा. दोन-तीन आठवड्यांनी वही उघडा. नुसते लाल गोल आहेत की बाजूला काही समजावून लिहिलंय, ते बघा. शिकवणी लावायचीच असेल तर पहिल्या दिवशी अर्धा तास बाहेरच्या बाकावर बसून ऐका. आतून मुलांचे आवाज येत असतील, अडखळत का होईना, तर फी भरा. एकट्या शिकवणाऱ्याचाच आवाज येत असेल तर मुलीला घेऊन परत या आणि दुसरीकडे चौकशी करा.