शंका 'घेते' की शंका 'येते'?

राजारामपुरीतल्या एका ताईंनी विचारलंय : "आईला डॉक्टर 'अँक्झायटी' म्हणाले, भाऊ म्हणतो हा 'पॅरानोइया'. घरात आम्ही दोन्हीला 'ती लई शंका घेते' असंच म्हणतो. आमचा शब्द चुकतोय का?"

अँक्झायटी म्हणजे चिंता; पॅरानोइया म्हणजे लोक आपल्या वाईटावर आहेत असा संशय. ताई, आईंना काय झालंय हे डॉक्टरांनीच सांगावं. शब्द मात्र चुकत नाही. संस्कृतात 'शङ्का' म्हणजे भीतीही आणि संशयही. मराठीत संशय पुढे आला, भीती मागे राहिली. पण 'निःशंक मनाने जा' म्हणतो तेव्हा ती तिथेच असते. 'साशंक' माणूस घाबरलेला की संशय घेणारा? दोन्ही.

तरी फरक आहे, आणि मला तो क्रियापदात दिसतो. पोरगा कागल एमआयडीसीतून पाळी संपवून मोटारसायकलवर यायचाय, उशीर झालाय. "हायवेला काय झालं तर नसंल?" ही चिंता. "त्याला मुद्दाम कुणीतरी अडकवलंय, लोक वाईटावर हाईत त्याच्या" हा संशय. पहिल्या वाक्यात नुसतं 'होणं' आहे. दुसऱ्यात 'करणं' आलं, म्हणजे करणारा आला, आणि त्याचा हेतूही. धसका आपण घेतो. डूख दुसरा धरतो.

या दोन वाक्यांमधली वाट संशोधकांनी शोधली आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी 2008 साली 200 सर्वसामान्य माणसांना लंडनच्या भुयारी रेल्वेच्या आभासी, म्हणजे संगणकाने डोळ्यांपुढे उभ्या केलेल्या, डब्यात बसवलं. आतले प्रवासी मुद्दाम तटस्थ ठेवलेले. तरीही काहींना वाटलं, हा माझ्यावर टपलाय. ज्यांच्या मनात आधीच चिंता जास्त, त्यांना असं वाटण्याची शक्यता जास्त. पण नुसतं घाबरणं आणि संशय यांत एक फाटा निघाला : आवाज, प्रकाश, आजूबाजूचं जग विचित्र जाणवण्याचे अनुभव ज्यांना येतात, ते संशयाकडे अधिक झुकत. पुढे 2015 मध्ये, आपला छळ होतोय अशी पक्की समजूत असलेल्या 150 रुग्णांवर चाचणी झाली. ज्यांना नेहमीच्या उपचारांसोबत फक्त काळजी करत राहण्यावर थोडी सत्रं दिली, त्यांची काळजी घटली, आणि ती समजूतही सैल झाली. म्हणजे वैऱ्याबद्दल वाद न घालता वैरी लहान झाला!

'मन चिंती ते वैरी न चिंती' या म्हणीत आपण चिंतणारं मन आणि वैरी शेजारी बसवलेत. ही म्हण मला या विषयात फार जवळची वाटते.

पॅरानोइयासाठी मी 'संशयग्रस्तता' म्हणेन. समजूत पक्की बसली असेल तर 'छळभ्रम'. 'संशयी' नको, ते स्वभावाचं दूषण आहे. 'ग्रस्त'मध्ये माणूस ग्रासलेला असतो.

आणि घरातला शब्द बदलू नका, क्रियापद बदला. 'शंका घेते' म्हटलं की कर्ती आई होते. 'तिला शंका येते' म्हणा.