लॅपटॉपला ताप: वाचकांची प्रश्नोत्तरे

घरातच पॉवरलूम आहे. दोन वर्षांचा गेमिंग लॅपटॉप गेम लावला की दहा मिनिटांत किंचाळायला लागतो आणि गेम अडखळतो. मुलगा म्हणतो, नवा घ्या. (वडगाव, बेळगाव)

मुलाला थोडं थांबायला सांगा. तुमच्या घरात माग आहे म्हणालात, तिथंच निम्मं उत्तर मिळालं. लॅपटॉपचा फॅन खालून हवा ओढतो आणि धातूच्या बारीक पात्यांमधून मागं किंवा बाजूला फेकतो. मागाचे तंतू त्या पात्यांच्या आतल्या तोंडाशी साचतात. बाहेरची जाळी मात्र चकचकीत दिसते, म्हणून माणूस फसतो. असाच एक लॅपटॉप मी उघडला, तेव्हा चिमट्यानं ओढल्यावर बोटभर लांबीची करडी पट्टी अख्खी बाहेर आली, अगदी वाकळेच्या तुकड्यासारखी. ती निघाली आणि तक्रारही संपली.

वॉरंटी असेल तर आधी कंपनीच्या सेवा केंद्रात विचारा. नसेल आणि हात चालत असेल, तर लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढा, तळ उघडा आणि सगळ्यात आधी बॅटरीची पिन सोडवा. स्क्रू लहानमोठे असतात, निघतील तसे कागदावर त्याच जागी मांडून ठेवा. मग पंख्याची पाती बोटानं धरून हवा मारा. हे 'धरून' महत्त्वाचं. सुरुवातीच्या काळात मी ब्लोअरनं पंखा भिंगरीसारखा फिरवला, आवाजाची मजाही वाटली. बेअरिंग गेलं आणि गिऱ्हाइकाला नवा फॅन पदरमोड करून दिला. साफ करूनही ताप उतरला नाही, तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता पुढं वाहून नेणारा लेप) वाळली असेल, ती बदलून घ्या. आणि लॅपटॉप मागाच्या खोलीत ठेवू नका. दुसरी खोलीच नसेल, तर दर तीन महिन्यांनी साफसफाई ठरलेली.

उन्हाळ्यात प्रोसेसरचं तापमान ९५ अंश दाखवतं. जळेल का? बेळगावच्या मित्राचा तोच लॅपटॉप ८५ च्या वर जात नाही. (अथणी)

जळणार नाही. आजचे प्रोसेसर साधारण ९५ ते १०५ अंशांच्या मर्यादेला टेकले की आपणहून वेग कमी करतात, त्याहून वर गेले तर मशीन बंद होतं. क्षणभर ९५ दिसलं तर सोडून द्या. तासभर तिथंच राहून फ्रेम, म्हणजे पडद्यावर दर सेकंदाला उमटणारी चित्रं, गळत असतील तर हात घाला.

मित्राशी तुलना नको. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, तुमच्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या आसपास. खोली दहा अंशांनी तापली की आतला आकडाही जवळपास तेवढाच चढतो.

फुकटातले दोन उपाय. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमला सेकंदाला ६० ची मर्यादा घाला; १४४ चा पडदा आहे म्हणून १४४ पळवलेच पाहिजेत असं नाही की! दुसरं, विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ करा. त्यानं टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा तात्पुरता वाढीव वेग, बंद होतो आणि बरेचदा दहा-पंधरा अंश उतरतात. बऱ्याच गेमचा भार ग्राफिक्सवर असतो, त्यामुळं खेळताना फरक फारसा कळत नाही. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय दिसत नाही. मग कंपनीच्या अ‍ॅपमधला 'सायलेंट' किंवा 'बॅलन्स्ड' मोड लावा.

कूलिंग पॅड घ्यावा का? (निपाणी)

आधी मागच्या पायांखाली बाटलीची दोन बुचं ठेवून बघा. गादीवर खेळत असाल तर ते आजच बंद, गादी हवेची वाटच गिळते. एवढ्यानं भागलं नाही तर पॅड घ्या, पण चार-पाच अंशांपलीकडं आशा धरू नका.

पावसात वीज सारखी जाते म्हणून चार्जर कायम लावलेला असतो. आता टचपॅड एका बाजूनं वर आलाय, दाबताना जड जातो. उष्णतेनं असेल का? (खानापूर)

हे वाचताच लॅपटॉप बंद करा आणि चार्जर काढा. टचपॅड ठीक असेल, खालची बॅटरी फुगली आहे. सतत १०० टक्के भरलेली आणि वर गेमची धग, अशा अवस्थेत लिथियमची बॅटरी लवकर झिजते, आत वायू धरतो. टचपॅड दाबून बसवायला जाऊ नका. टोचायचं तर मुळीच नाही, आग लागते.

दुकानात नेऊन बॅटरी बदलून घ्या. नवी बसली की लॅपटॉप कंपनीच्या अ‍ॅपमध्ये चार्जिंगला ८० टक्क्यांची मर्यादा लावा, मग चार्जर लावलेला राहिला तरी चालेल. जुनी बॅटरी भंगारवाल्याला किंवा कचऱ्याच्या गाडीत देऊ नका, ई-कचरा घेणाऱ्याकडंच द्या. दुकानात नेईपर्यंत लॅपटॉप फरशीवर ठेवा, गादी आणि पडद्यांपासून लांब.