लाकडाच्या इमारती उभारायच्या असतील, तर आधी ओल मोजायला शिकावं लागेल

प्रश्न : आमची चंद्रपूर जिल्ह्यात आरा मशीन आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित चांगलं आहे. लंडन-कॅनडात लाकडाच्या दहा-अठरा मजली इमारती होतात असं तिनं वाचलं आणि तेच शिकायचं म्हणून हट्ट धरलाय. लाकूड जळतं, वाळवी लागते, आपल्याकडे असं कोणी बांधतही नाही. आर्किटेक्चर घ्यावं की सिव्हिल? परदेशाचा खर्च झेपेल का? की तिला समजावून या नादातून बाहेर काढावं?
— एक पालक

उत्तर : नमस्कार. तिला बाहेर काढू नका. पण तिनं नेमकं कशात शिरायचं, हे आपण नीट ठरवू. तुमच्या शंका बरोबर आहेत आणि या क्षेत्रातलं बहुतेक काम त्याच शंकांची उत्तरं शोधण्यात जातं. म्हणून सुरुवात तिथूनच.

या इमारती सागाच्या ओंडक्यांच्या नसतात. स्प्रूस, पाइनसारख्या मऊ लाकडाच्या 20 ते 40 मिलिमीटर जाडीच्या फळ्या साधारण 12 टक्के ओलीपर्यंत वाळवतात. मग त्यांचा एक थर उभा, एक आडवा असे तीन, पाच किंवा सात थर चिकटवून प्रेसमध्ये दाबतात. याला क्रॉस लॅमिनेटेड टिंबर, म्हणजे सीएलटी म्हणतात. थर आलटूनपालटून असल्यामुळे पॅनेल दोन्ही दिशांनी भार घेतं आणि ओलीमुळे फारसं फुगत-आकसत नाही. खांब आणि तुळयांसाठी सगळे थर एकाच दिशेने चिकटवतात, ते ग्लुलॅम. दारं-खिडक्यांच्या जागा कारखान्यातच सीएनसी, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या मशीनवर कापल्या जातात. साइटवर क्रेननं पॅनेल उचलायचं, जागेवर बसवायचं आणि लांब स्क्रू व पोलादी पट्ट्यांनी जोडायचं.

लंडनच्या हॅकनी भागातली 9 मजली मरे ग्रोव्ह इमारत 2009 मध्ये पूर्ण झाली. त्यात 29 घरं आहेत. तळमजला काँक्रीटचा, वरचे आठ मजले सीएलटीचे. लाकडी सांगाडा चार सुतारांनी 27 दिवसांत उभा केला. व्हँकुव्हरमधलं ब्रॉक कॉमन्स हे 18 मजली विद्यार्थी वसतिगृह 2017 चं. तिथे जिना-लिफ्टचे दोन गाभे काँक्रीटचे आहेत, मजले सीएलटीचे आणि खांब ग्लुलॅमचे. तुमच्या मुलीनं बहुधा याच इमारतींबद्दल वाचलं असावं.

आता आग. जाड लाकूड बाहेरून जळतं, वर कोळशाचा थर तयार होतो आणि तोच थर आतल्या लाकडाला उष्णतेपासून सांभाळतो. युरोकोड 5 या लाकडी बांधकामाच्या युरोपीय संहितेत मऊ लाकडासाठी जळण्याचा वेग मिनिटाला 0.65 मिलिमीटर धरतात. म्हणजे 60 मिनिटांत 39 मिलिमीटर. उष्णतेनं कमकुवत झालेला आणखी 7 मिलिमीटरचा थर हिशेबातून वगळायचा. म्हणजे आगीच्या बाजूचं 46 मिलिमीटर लाकूड गेलं असं समजून उरलेला भाग भार पेलतो का, हे इंजिनिअर तपासतो. खरी अडचण दुसरीकडे असते. पोलादी जोड उघडा राहिला तर तो तापून आधी ढिला पडतो, म्हणून तो लाकडाच्या आत पुरतात. गोंद उष्णतेला टिकणारा नसेल तर जळालेला थर गळून पडतो, खालचं ताजं लाकूड उघडं पडतं आणि आग पुन्हा पेट घेते. त्यामुळे उंच इमारतींत बराचसा भाग जिप्सम बोर्डाच्या दोन-तीन थरांनी झाकतात. तरीही हा प्रश्न मिटलेला नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला 2017 मध्ये लागलेल्या आगीनंतर इंग्लंडनं 2018 मध्ये 18 मीटरवरच्या निवासी इमारतींच्या बाहेरच्या भिंतींत जळाऊ सामान वापरायला बंदी केली. त्यात सीएलटीही आलं. दुसरीकडे अमेरिकेच्या 2021 च्या आदर्श बांधकाम संहितेनं पूर्ण झाकलेल्या लाकडी सांगाड्याला 18 मजल्यांपर्यंत वाट दिली. नियम देशागणिक बदलतात, म्हणून या क्षेत्रात संहिता वाचता येणं हे मोठं कौशल्य आहे.

आगीपेक्षा मोठा शत्रू पाणी. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी येते. फळीचं कापलेलं टोक पाणी सर्वात जोरात ओढतं आणि पॅनेलच्या कडा म्हणजे शेकडो कापलेली टोकं. बांधकाम चालू असताना पडलेला पाऊस, सपाट छताची गळती आणि बाथरूमच्या जमिनीखाली दिसत नसलेलं झिरपणं, या तीन जागी इमारती खराब होतात. स्वीडनमधल्या वेक्ख्यो शहरात लिमनोलोगेन हा 134 घरांचा आठ मजली इमारतींचा समूह बांधताना इमारतीवर मजल्यागणिक वर सरकणारा तंबू उभारला होता, तो याचसाठी.

त्याच ओलीची दुसरी बाजू आकसण्याची. लाकडाच्या रेषेला, म्हणजे तंतूंना, आडव्या दिशेत ओल 1 टक्का कमी झाली की लाकूड सुमारे पाव टक्का आकसतं. मजल्याच्या जाडीत 200 मिलिमीटर असं आडवं लाकूड असेल आणि ते 18 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर वाळलं, तर एका मजल्याला 4 मिलिमीटर कमी होतात. आठ मजल्यांना 32. तेवढ्यानं पाण्याचे उभे पाइप तुटतात, लिफ्टचा उंबरा जमिनीशी जुळत नाही. म्हणूनच ब्रॉक कॉमन्समध्ये खांबावर थेट खांब पोलादी जोडानं ठेवला. भार मजल्याच्या पॅनेलमधून जातच नाही.

जुन्या वाड्यांतले सुतार खणांचं माप, तुळई आणि कडीपाट ठरवताना हेच गणित हातानं करत. तुमच्या मुलीला ओल, गाठ, तिरकी रेषा, वाळताना येणारा वाक हे शब्द घरातच ऐकायला मिळालेत. बहुतेक इंजिनिअरांना ते नोकरी लागल्यावर शिकावे लागतात. आता सुट्टीत तिला एक काम द्या. आरा मशीनवरच्या फळीच्या मधून, टोकापासून अर्धा मीटर आतून, 25 मिलिमीटरची चकती कापायची आणि लगेच वजन करायचं. ती 103 अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवायची. आधी 120 ग्रॅम आणि नंतर 100 ग्रॅम भरली, तर ओल वाळलेल्या वजनाच्या 20 टक्के. मग त्याच फळीवर पिनांचं मॉइश्चर मीटर लावून आकडा ताडून पाहायचा. अशा पन्नास फळ्यांची वही झाली, तर ती पुढे प्रवेश अर्जात प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलेल.

आर्किटेक्चर की सिव्हिल? तिचं गणित चांगलं असेल आणि ‘हे उभं कसं राहतं’ हा प्रश्न तिला छळत असेल, तर सिव्हिल. तिला घरांची मांडणी, उजेड, जागेचा वापर यांत जास्त रस असेल, तर बी. आर्क. त्यासाठी नाटा ही प्रवेश परीक्षा किंवा जेईईचा आर्किटेक्चरचा पेपर लागतो. माझा कल सिव्हिलकडे आहे, कारण लाकडी इमारतीत कठीण गोष्ट म्हणजे जोड, आणि जोडाचं गणित इंजिनिअरच करतो. मात्र आपल्याकडच्या बहुतेक अभ्यासक्रमांत लाकूड जेमतेम एखाद्या प्रकरणापुरतं येतं. ती पोकळी स्वतः भरावी लागेल. दुसऱ्या वर्षापासून लाकडी बांधकामाच्या डिझाइनचं भारतीय मानक 883 आणि राष्ट्रीय बांधकाम संहिता 2016 च्या सहाव्या भागातलं लाकूड-बांबूचं प्रकरण वाचायचं, तिसऱ्या वर्षी युरोकोड 5. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प लाकडी जोडाच्या चाचणीचा घ्यायचा. ड्रॉइंगसाठी कॅडवर्क आणि रेव्हिट ही सॉफ्टवेअर शिकावीत. लाकूड हा पदार्थच जास्त आवडला, तर दापोलीचं बी.एस्सी. फॉरेस्ट्री आणि पुढे डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेचं वूड सायन्सचं एम.एस्सी. ही वेगळी, चांगली वाट आहे.

भारतात आज या कामाच्या नोकऱ्या मोजक्या आहेत, हे तिला स्पष्ट सांगा. लंडनमध्ये लाकूड परवडतं ते काँक्रीटपेक्षा स्वस्त असतं म्हणून नव्हे. मजुरी महाग, त्यामुळे वाचलेला प्रत्येक आठवडा पैशात मोजला जातो. शिवाय सीएलटीचं वजन काँक्रीटच्या पाचव्या हिश्श्याएवढं, म्हणून पायाही हलका होतो. आपल्याकडे मजुरी स्वस्त, सीएलटी बाहेरून येणार आणि ताकदीनुसार प्रतवारी केलेलं लाकूड सहज मिळत नाही. वाळवीचा बंदोबस्त वेगळा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्यानं बांधकामात लाकूड वापरण्यावरची 1993 पासूनची बंदी 2020 मध्ये उठवली, ही चांगली खूण आहे. पण बहुमजली लाकडी घरांच्या मंजुरीची मळलेली वाट अजून नाही. म्हणून तिनं पोलाद आणि काँक्रीटचं डिझाइन पक्कं करावं. नोकरी त्यावर मिळेल, लाकडाचं ज्ञान तिला वेगळं ठरवेल. बांबूही दूरचा नाही. चिचपल्लीचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र तुमच्याच जिल्ह्यात आहे, एकदा घेऊन जा.

परदेश पदवीनंतर, पदव्युत्तरसाठी. बारावीनंतर लगेच पाठवणं मला पटत नाही. ऑस्ट्रियात ग्राझच्या तंत्र विद्यापीठात लाकडी बांधकामाची स्वतंत्र संस्था आहे, सीएलटीवरचं पायाभूत संशोधन तिथलं. जर्मनीत रोझेनहाइमला लाकूड-बांधकामाचं शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या चालतं, पण पदवीचे वर्ग जर्मनमध्ये असतात. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नगण्य. मात्र म्युनिकच्या तंत्र विद्यापीठानं 2024 पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लावली. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो आधी खात्यात दाखवावे लागतात. हा 2024 मध्ये ठरलेला आकडा आहे, विनिमय दरानुसार दहा-बारा लाख रुपये होतात. स्वीडन आणि कॅनडात त्यावर फी वेगळी. एवढे पैसे एकदम उभे करण्याचा विचार आजच करू नका. तिला फक्त जर्मनचा वर्ग लावून द्या. चार वर्षांत रोज अर्धा तास केला तर बी1, म्हणजे रोजच्या व्यवहारापुरती भाषा येण्याची पातळी सहज होते आणि ती झाली की शिष्यवृत्ती, इंटर्नशिप, साइटवरचं काम, तिन्ही दारं एकदम उघडतात.

चकत्यांची वही झाली की मला पाठवा. तिचे आकडे मीटरशी कुठे जुळत नाहीत, ते बघून पुढचा प्रयोग सुचवेन.