पहिली बाइक, दहा हजारांचं बजेट आणि खानदेशातलं ऊन : सेफ्टी गिअरमध्ये आधी काय घ्यावं?

तुम्ही विचारलंय की पहिलीच बाइक आहे, १२५ सीसी, रोज पारोळ्याहून धुळ्याला येणं-जाणं, हातात दहा हजार. दुकानदार म्हणतो जॅकेट घ्या, घरचे म्हणतात एवढ्या उन्हात डोकं फिरलं का.

जॅकेटवर येतो, पण आधी हातांचं सांगतो.

चार वर्षं झाली असतील, दिवाळीनंतरचे दिवस. एरंडोलजवळ आमच्या गावाच्या फाट्यावर अर्धा रस्ता अडवून मका वाळत घातला होता, कडेने दगड मांडलेले. समोरून ट्रॅक्टर आला, मी गाडी बाजूला घेतली आणि नेमका मक्यावर पुढचा ब्रेक दाबला. छर्ऱ्यांवरून सटकावं तसं चाक सटकलं. वेग चाळीसच्या आतच होता, हेल्मेटला ओरखडासुद्धा आला नाही. पण पडताना माणूस आधी हात टेकतो, ते कोणी ठरवून करत नाही. दोन्ही तळव्यांची कातडी सोलून निघाली. मकावाले बाबा धावत आले, "उठ रे भो, जास्ती लागनं का?" पुढचे पंधरा दिवस शर्टाची बटणं बायकोने लावली आणि आईने भाकरी कुस्करून भरवली. चौतिसाव्या वर्षी! त्याआधी दीड हजाराचे ग्लोव्हज मला नुसते शोबाजी वाटायचे.

तेव्हा माझा क्रम हेल्मेट, ग्लोव्हज, बूट आणि मग जॅकेट असा आहे.

हेल्मेट पूर्ण तोंडाचंच घ्या, हनुवटी झाकणारं. हायवेच्या कडेला दोरीवर टांगलेली दोनशे-तीनशेची टोपली पोलिसांना दाखवण्यापुरती असतात. १ जून २०२१ पासून आयएसआय मार्कशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे, पण आयएसआयचं नुसतं स्टिकर कोणीही चिकटवतो. खऱ्या मार्कवर वर आयएस ४१५१ (हेल्मेटच्या मानकाचा नंबर) आणि खाली सीएम/एलने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो. तो नंबर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं. दुकानात उभ्या-उभ्या करायचं काम आहे, लाजू नका. स्टड्स, व्हेगा, स्टीलबर्ड यांपैकी कोणतंही चालेल, ब्रँडपेक्षा माप महत्त्वाचं.

माप घरूनच घेऊन जा. भुवयांच्या जरा वरून डोक्याभोवती शिंप्याची टेप फिरवा. नवीन हेल्मेट गालांना दाबलंच पाहिजे, इतकं की बोलताना गाल दाताखाली येतील. कपाळावर एकाच जागी टोचत असेल तर मात्र तो आकार तुमचा नाही. पट्टा लावून मागच्या कडेने वर-पुढे ढकलून बघा. निघून आलं तर रस्त्यावरही निघेल. दहा मिनिटं डोक्यात ठेवून दुकानात फिरा, दुकानदार वैतागला तर वैतागू द्या.

आपल्याकडची एक खोड म्हणजे आधी डोक्याला जाड रुमाल गुंडाळायचा आणि वरून हेल्मेट. रुमालाने माप बिघडतं, हेल्मेट डोक्यावर डुलतं. घामासाठी पातळ सुती टोपी पुरते. मला तर वर्षभर कळलंच नव्हतं की माझं हेल्मेट एक साइज मोठं आहे, रुमालानेच ते बसत होतं!

काच पांढरीच ठेवा. काळी दुपारी झकास वाटते, पण संध्याकाळी परतताना कपाशी भरलेली, मागे लाल दिवा नसलेली ट्रॉली त्यातून दिसत नाही. साठच्या वेगात सेकंदाला जवळपास १७ मीटर जातो आपण, ब्रेकला हात जाईपर्यंत ट्रॉली समोर असते.

ग्लोव्हज घेताना तळव्याच्या खालच्या बाजूला, मनगटाजवळ, टणक पट्टी आहे का बघा. रस्त्याला आधी तीच जागा लागते. मनगटाचा पट्टा आवळून ओढून पाहा, हात निसटायला नको. बूट घोटा झाकणारे हवेत, चप्पल घालून तर फाट्यापर्यंतसुद्धा जाऊ नका.

हेल्मेटला अडीच-तीन हजार, ग्लोव्हजला दीड, बुटांना दोन-अडीच, गुडघ्याच्या गार्डला दीड-दोन धरा. दहा हजारांतले साडेसात ते नऊ हजार तिथेच जातात. मेश म्हणजे जाळीदार कापडाचं जॅकेट साधारण पाच-सहा हजारांपासून पुढे, ते दोन-तीन पगारांनंतर. तेव्हा खांदा-कोपरांच्या पॅडवर सीई (युरोपातलं सुरक्षा मानक) लेव्हल १ किंवा २ लिहिलंय का बघा आणि पाठीचा पॅड खिशातून बाहेर काढून दाबा. स्वस्त जॅकेटमध्ये तिथे बऱ्याचदा नुसता फोम असतो.

उन्हाचं म्हणाल तर मे महिन्यात ४५ अंशांत शेतात कोणी उघड्या अंगाने जातं का? पूर्ण बाह्या, डोक्याला रुमाल, तेव्हाच लोक उभे राहतात. गाडीवर तर गरम वारा अंगावर येतो, घाम लगेच उडतो आणि शरीर सुकतं. मेशच्या आत सुती बनियन ओला करून घाला. सिग्नलला उभं राहिल्यावर जीव नकोसा होतो, ते खरंय. चालती गाडी असली की नाही.

आणि दिवाळीनंतर रस्त्याच्या कडेला ओळीने दगड मांडलेले दिसले, तर दाणे येण्याआधीच वेग कमी करा. दाण्यांवर चाक चढल्यावर ब्रेकला हात लावू नका.