चान्सनकार्टची घाई करू नको

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

जर्मनीतल्या मास्टर्सचा निकाल लागला, विद्यार्थी परमिट ऑक्टोबरात संपतंय, हातात नोकरी नाही आणि लग्न झालेलं नसल्यामुळे जोडीदाराच्या परमिटवर राहायची सोयही नाही. म्हणून चान्सनकार्टला, म्हणजे नोकरी शोधण्यासाठीच्या नव्या जर्मन परमिटला, अर्ज करू का, असं विचारलं आहेस. आत्ता नको.

जर्मन विद्यापीठाची पदवी घेतलेल्याला निवास कायद्याच्या कलम २० खाली नोकरी शोधायला १८ महिन्यांपर्यंतचं परमिट मिळतं. या काळात कुठलंही काम, पूर्णवेळ, करता येतं. बेकरीत उभं राहा, गोदामात पार्सलं उचल, कोणी विचारणार नाही. चान्सनकार्ट १ जून २०२४ पासून सुरू झालं. ते जास्तीत जास्त एका वर्षाचं असतं आणि त्यावर आठवड्याला एकूण २० तासच काम चालतं. त्याशिवाय एखाद्या कंपनीत अजमावणी म्हणून प्रत्येकी दोन आठवड्यांपर्यंत काम करता येतं, बस. दोन्ही परमिटं 'नोकरी शोधण्याची' म्हणून एका पंगतीत बसवली जातात, पण ताटातलं वाढप फार वेगळं आहे. भाडं पूर्णवेळ पगारावर निघतं, वीस तासांवर महिनाअखेरीस ओढाताण होते.

कलम २० ची गाठ शिक्षणाच्या परमिटशी बांधलेली आहे, म्हणून ते आधी घ्यायचं. १८ महिने संपत आले आणि तरी नोकरी नसेल, तर तेव्हा चान्सनकार्टचा विचार कर. देशातल्या देशात ते त्यालाच मिळू शकतं, ज्याच्याकडे लगतच्या आधी शिक्षणाचं किंवा नोकरीच्या प्रकारातलं परमिट होतं; कलम २० त्यात बसतं. पर्यटक शेंगेन व्हिसावर आलेल्याला इथे बसून अर्ज करता येत नाही, त्याला भारतातून अर्ज करून यावं लागतं.

आता तारखा. बहुतेकांचं नुकसान इथेच होतं. आउसलेंडरबेहोर्डेची, म्हणजे परदेशी नागरिकांच्या परमिट-कार्यालयाची, अपॉइंटमेंट तीन-तीन महिने मिळत नाही, आणि लोक 'अपॉइंटमेंट बुक केली आहे' एवढ्यावर निर्धास्त राहतात. अपॉइंटमेंट म्हणजे अर्ज नव्हे. परमिट संपण्याच्या आधी अर्ज पोचलेला हवा: ऑनलाइन फॉर्मने, नाहीतर भरलेला फॉर्म आणि कागद ईमेलने किंवा पोस्टाने, आणि पाठवल्याचा पुरावा जपून. मग कलम ८१, उपकलम ४ प्रमाणे जुनं परमिट निर्णय होईपर्यंत चालू धरलं जातं. त्याचा कागद म्हणजे फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग. तो हातात आला की खूण उपकलम ४ वर आहे ना, हे तिथेच खिडकीपाशी बघ. उपकलम ३ वर खूण असेल तर देशाबाहेर जाऊन त्या कागदावर परत येता येत नाही. दिवाळीला घरी गेलेले लोक विमानतळावर अडकतात ते यामुळे.

पासपोर्टचीही तारीख बघ. पासपोर्ट संपतो त्याच्या पुढे परमिट देत नाहीत. पासपोर्टचे चौदा महिने उरले असतील तर तेवढ्याचंच परमिट मिळेल आणि नवा पासपोर्ट आल्यावर सगळा खटाटोप पुन्हा. नूतनीकरण आधी कर.

पदवीचं प्रमाणपत्र छापून यायला महिने लागतात. सगळे विषय उत्तीर्ण झाल्याचं विद्यापीठाचं पत्र अर्जाला पुरतं. परीक्षा विभागाकडून ते लेखी मागून घे. आरोग्यविमा मात्र नीट बघ. शिक्षण संपलं की विद्यार्थी दर जातो आणि सरकारी विमा कंपनीत ऐच्छिक सदस्य म्हणून महिना अडीचशे युरोंहून जास्त भरावे लागतात. ते टाळायला पर्यटकांसाठीचा ३०-४० युरोंचा विमा घेऊ नको. कार्यालय तो बहुधा नाकारतं आणि सरकारी विम्यातून एकदा बाहेर पडलं की परत शिरणं कठीण होतं.

पैशांचं. चान्सनकार्टला २०२५ च्या हिशेबाने महिना १,०९१ युरो दाखवावे लागतात, वर्षाला १३,०९२. हे श्पेरकोन्टो म्हणजे गोठवलेल्या खात्यात ठेवता येतात, किंवा अर्धवेळ नोकरीचा करार दाखवता येतो, किंवा जर्मनीत राहणाऱ्या कुणी हमीपत्र दिलं तर चालतं. नाशिकला बसलेल्या बाबांचं 'मुलाचा खर्च मी करतो' हे स्टॅम्पपेपरवरचं प्रतिज्ञापत्र इथे त्या हमीपत्राची जागा घेत नाही. बाबांनी पैसे थेट श्पेरकोन्टोत भरले तर चालतात. एकट्या माणसाला दुसऱ्याच्या पगाराचा टेकू नसतो, म्हणून हा आकडा आधी मांड आणि मग बाकीचं ठरव.

तुला चान्सनकार्टचे गुण मोजायची गरज नाही. जर्मन पदवी असलेला, किंवा ज्याची भारतीय पदवी पूर्ण मान्य होते तो, 'कुशल' गणला जातो आणि गुणांतून सुटतो. गुण तुझ्या पुण्यातल्या चुलतभावाला लागतील, कारण त्याची पदवी इथे पूर्ण मान्य होत नाही असं तू लिहिलं आहेस. त्याला आधी भाषेची पातळी जर्मन ए१ किंवा इंग्रजी बी२ लागेल आणि मग सहा गुण. पस्तिशीच्या आत म्हणून २, शेवटच्या पाच वर्षांत शिक्षणाशी जुळणारा दोन वर्षांचा अनुभव म्हणून २, इंग्रजी सी१ साठी १. झाले पाच. सहावा जर्मन ए२ ने येतो. बी१ केलं तर दोन मिळतात. मागे पर्यटक म्हणून तो इथे राहिला असेल तर ते दिवस धरले जात नाहीत.

तुझ्या पत्रात एक वाक्य होतं: ४२,००० युरोंची ऑफर सोडली, कारण त्यावर ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांना ठरलेल्या पगारावर मिळणारं युरोपीय कामाचं परमिट) मिळत नाही. हे वाचून वाईट वाटलं. ब्लू कार्डची पगारमर्यादा २०२५ साली ४८,३०० होती, माणसांची टंचाई असलेल्या क्षेत्रांना आणि पदवीला तीन वर्षं न झालेल्यांना ४३,७५९.८० युरो, २०२६ साठी ५०,७०० आणि ४५,९३४.२०. पण कलम १८बी खालच्या कुशल कामगाराच्या परमिटला, वय ४५ च्या आत असेल तर, असा ठरलेला आकडाच नाही. काम कुशल, म्हणजे पदवी किंवा व्यावसायिक प्रशिक्षण लागणारं हवं आणि पगार त्या भागातल्या तशाच कामाइतका हवा. ते आर्बाइट्सआगेंटूर, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालय, तपासतं. नोव्हेंबर २०२३ पासून काम पदवीच्या विषयातलंच हवं ही अटही गेली. शिवाय जर्मन पदवीवाल्याला या परमिटवर दोन वर्षांनी, २४ महिन्यांची पेन्शन वर्गणी आणि बी१ जर्मन असेल तर, कायमच्या निवासाचा अर्ज करता येतो. ब्लू कार्डवर बी१ असेल तर २१ महिने लागतात. तीन महिन्यांच्या फरकासाठी हातची नोकरी सोडायची? ती कंपनी अजून माणूस शोधत असेल तर उद्याच फोन कर.

आता तुझ्या रूममेटचं. ब्लू कार्डवर नोकरी गेली म्हणून कार्ड आपोआप रद्द होत नाही, पण कार्यालय त्याची मुदत कमी करू शकतं. युरोपीय नियम सांगतो की कार्ड दोन वर्षांपेक्षा कमी काळ असेल तर बेकारीचे तीन महिने, त्याहून जास्त असेल तर सहा महिने सांभाळून घ्यायचे. नोकरी संपल्याचं कार्यालयाला त्याने दोन आठवड्यांत स्वतः कळवायचं; कंपनीही कळवते, म्हणून लपवून काही साधत नाही. नोकरी जाणार हे कळल्यापासून तीन दिवसांत आर्बाइट्सआगेंटूरमध्ये 'काम शोधतोय' अशी नोंद आणि बेकारीच्या पहिल्या दिवसापर्यंत 'बेकार' अशी दुसरी नोंद. पहिली चुकली तर एका आठवड्याचा भत्ता जातो. कंपनीने 'परस्परसंमतीने' असा कागद पुढे केला तर तिथेच सही करू नये. स्वतः नोकरी सोडल्यासारखं धरून भत्ता बारा आठवडे रोखला जाऊ शकतो.

हा भत्ता मागितला तर परमिट जाईल अशी भीती त्याच्या मनात आहे. नाही जात. मागच्या ३० महिन्यांत १२ महिने वर्गणी भरली असेल तर निव्वळ पगाराच्या साधारण ६० टक्के भत्ता हा त्याचा विमा आहे, सरकारी मदत नव्हे. बारा महिन्यांच्या वर्गणीला सहा महिने, चोवीसला बारा महिने मिळतो, आणि त्या काळात आरोग्यविमाही तेच भरतात. परमिटला धोका आहे तो बुर्गरगेल्डसारखी मदत घेण्यात, कारण ती कराच्या पैशातली मदत आहे.

भत्ता चालू असताना गणपतीला घरी जायचं तर आधी आर्बाइट्सआगेंटूरची परवानगी, आणि वर्षाला तीन आठवडेच. खोलीचं भाडं वाचवायला पत्ता रद्द करून, सामान मित्राकडे ठेवून चार महिने गावी राहायचा त्याचा बेत तर बिलकुल नको. कायमचं गेल्यासारखं दिसलं तर परमिट तिथेच संपतं. साध्या परमिटवर सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं तरी संपतं; ब्लू कार्डला बारा महिने आहेत.

तुझ्या परमिटवरची तारीख, पासपोर्टची तारीख आणि खात्यातली शिल्लक एवढं लिहून पाठव. अर्जाचा मसुदा पाठवशील तर आधी मी वाचेन.