माळ्यावरची मार्टिनी आणि कलम ४५ (सी)

अमळनेर तालुक्यातील एका वाचकाने कळविले आहे की, दोन वर्षांपूर्वी जुने धाब्याचे घर पाडताना माळ्यावर घोंगडीत गुंडाळलेली एक लष्करी रायफल सापडली. सोबत पाठवलेल्या छायाचित्रात चापामागे खाली वळणारी लोखंडी दांडी आणि बाजूला मुकुटाखाली ‘व्ही. आर.’ ही अक्षरे दिसतात, म्हणजे ती मार्टिनी पद्धतीची (दांडी खाली ओढून एकेक काडतूस भरण्याची), व्हिक्टोरिया राणीच्या काळातील असावी. त्यांनी ती रॉकेलमध्ये भिजवली, पॉलिश पेपरने घासली आणि अडकलेली दांडी मोकळी केली. आतली स्प्रिंग मात्र तुटलेली असून धुळ्याचा एक कारागीर ती नवी करून देण्यास तयार आहे. रायफल शंभर वर्षांपेक्षा जुनी असल्याने परवाना लागत नाही ना, असा त्यांचा प्रश्न आहे. अशी पत्रे मला वरचेवर येतात आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात हे शंभर वर्षांचे पालुपद असते.

शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये शंभर वर्षांची सूट कोठेही नाही. तो आकडा १९७२ च्या पुरावशेषांच्या कायद्यातला आहे आणि त्याचा परवान्याशी संबंध नाही. आपल्या कामाचे आहे ते कलम ४५ (सी). कालबाह्य बनावटीचे, पुरातन मूल्याचे किंवा नादुरुस्त असे हत्यार या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते, परंतु ते दुरुस्ती करून अथवा न करता अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नसेल तरच. ‘दुरुस्ती करून’ या दोन शब्दांवर आपले सारे प्रकरण उभे आहे. ही अट वरच्या तिन्ही प्रकारांना लागू होते असे माझे मत आहे. तपास अधिकारी तरी याहून उदार अर्थ लावतील, यावर मी अशिलाला विसंबून राहू देणार नाही. जे हत्यार एका स्प्रिंगने चालू होऊ शकते, ते ‘दुरुस्ती करूनही निकामी’ आहे असे कोणत्या तोंडाने सांगणार? स्पष्टच लिहितो, तो गंज हा आपल्या बचावातला सर्वांत चांगला साक्षीदार होता आणि आपण त्याला घासून काढला.

कारागिराकडे रायफल मुळीच नेऊ नका. परवान्याशिवाय अग्निशस्त्राची दुरुस्ती करण्यास कलम ५ ची मनाई आहे आणि कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या बदलानंतर त्या गुन्ह्याची किमान शिक्षा सात वर्षे, कमाल जन्मठेप आहे. आपल्या हौसेपायी तो बिचारा पोटासाठी राबणारा माणूस आधी आत जाईल. निव्वळ धूळ पुसणे आणि दुरुस्ती यांतली रेषा न्यायालय कोठे आखेल, हे पुराव्यावर ठरेल. मोकळी झालेली दांडी मात्र त्या रेषेच्या जवळ जाते, म्हणून आता तेलाचा थेंबही नको.

दुसरा प्रश्न नळीच्या व्यासाचा आहे. मार्टिनी-हेन्री या मूळ नमुन्याची नळी .४५० इंचाची असते, परंतु पुढे याच सांगाड्यावर .३०३ च्या नळ्याही बसवल्या गेल्या. आपली .३०३ निघाली, तर प्रकरण प्रतिबंधित बोअरकडे, म्हणजे सामान्य नागरिकाला मनाई असलेल्या नळीच्या व्यासाकडे, वळू शकते आणि तेथे शिक्षेची पट्टी बरीच वर जाते. व्यास घरी मोजत बसू नका, ते काम न्यायसहायक प्रयोगशाळेच्या शस्त्रतज्ज्ञाचे आहे. रायफल ४५ (सी) मध्ये बसते की नाही, हेही शेवटी त्याच अहवालावर ठरेल.

पणजोबा भिल्ल पलटणीत होते, असे आपण अभिमानाने लिहिले आहे. १८२५ मध्ये आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने उभ्या केलेल्या त्या पलटणीचे धरणगाव हे ठाणे आपल्यापासून दूर नाही, आणि अभिमान रास्तच आहे. परंतु पणजोबांकडे परवाना असलाच, तरी तो त्यांच्याबरोबर संपला.

आता करायचे ते इतकेच. घर पाडताना रायफल कशी व केव्हा सापडली, याचा खरा तपशील लिहून पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करा, छायाचित्रे जोडा आणि प्रत जिल्हादंडाधिकाऱ्यांना द्या. दोन्हींवर शिक्क्यासह पोहोच घ्या. रायफल स्वतः मोटारसायकलवर बांधून नेऊ नका, ती घरी येऊन पंचनाम्याने ताब्यात घ्यावी, अशी अर्जातच विनंती करा. घासल्याची गोष्ट लपवू नका, कारण पॉलिश पेपरचे ओरखडे तज्ज्ञाला पहिल्या नजरेत दिसतील. कलम ३ खालील, म्हणजे विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्याच्या, खटल्याला जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते आणि आपण होऊन दिलेला अर्ज त्या वेळी फाईलमध्ये असणे फार मोलाचे ठरते. दोन वर्षांच्या विलंबाचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. पत्र लिहिण्याआधी व्हॉट्सॲप स्टेटसवर रायफल खांद्याला लावलेला फोटो ठेवायची बुद्धी आपल्याला का झाली, याचे तर मुळीच नाही. तो फोटो मोबाईलमधून पुसू नका, परंतु पुन्हा कोणाला पाठवूही नका.

रायफल परत मिळेल का, हे आज सांगता येणार नाही. अहवाल अनुकूल आला तर अर्ज करता येईल. गुन्हा दाखल झाला, तर ती मुद्देमाल खोलीत तारखांमागून तारखा पडून राहील आणि आपण काढलेला गंज तेथे आपोआप परत चढेल. अर्ज उद्याच द्या.